यंत्र आले, पैसे कधी येणार?

यंत्र विकायला आलेला प्रतिनिधी कोटेशनच्या मागच्या कोऱ्या बाजूवर एक गणित मांडून दाखवतो. तासाला इतका दर, दोन पाळ्या, महिन्याचे पंचवीस दिवस; त्यातून पगार आणि वीज वजा करा आणि यंत्राच्या किमतीला उरलेल्या रकमेने भागा. उत्तर बहुतेक वेळा तीन वर्षांच्या आत येते. या गणितात बेरीज-वजाबाकी चुकलेली नसते. चुकलेले असते ते गृहीत: यंत्र पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ चालेल आणि काम होताच पैसे हातात पडतील. खरेदी करावी की नाही, हा प्रश्न वेगळा. ती करायची ठरली की पैसे कोणत्या महिन्यापासून परत यायला लागतील आणि कोणत्या महिन्यात पुरते वसूल होतील, याचे वेळापत्रक ऑर्डरवर सही करण्याआधीच बांधता येते. ते कसे, एवढेच इथे पाहू.

एक उदाहरण धरू

भोसरी एमआयडीसीतले एक छोटे मशिन शॉप आहे, असे समजा. मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची कामे ते करते आणि आता एक व्हीएमसी, म्हणजे व्हर्टिकल मशिनिंग सेंटर, घेणार आहे. पुढचे आकडे हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. ज्याने त्याने आपले घालून पाहावेत. यंत्राची किंमत 40 लाख, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 7.20 लाख. तासाचा दर 500 रुपये. दोन पाळ्यांचे रोज 16 तास, महिन्याचे 400. माणसांचा ठरलेला खर्च महिना 50 हजार. वीज, टूल, कूलंट वगैरे तासाला 75 रुपये.

प्रतिनिधीचा हिशेब असा: 400 तासांचे 2 लाख, त्यातून 50 हजार आणि 30 हजार गेले, उरले 1.20 लाख. 40 लाखांना त्याने भागले की 33 महिने आणि काही दिवस. पावणेतीन वर्षांत यंत्र फुकट!

किंमत कोटेशनवर संपत नाही

यंत्र उतरवायला क्रेन लागते. पाया, नवी केबल, स्टॅबिलायझर, कॉम्प्रेसर, पहिल्या जॉबची फिक्स्चर, टूल होल्डर, गेज हे सगळे यंत्राच्या मागोमाग येते. त्याचे 6 लाख धरू. मंजूर वीजभार वाढवायचा असेल तर महावितरणकडचा अर्ज यंत्राच्या ऑर्डरबरोबरच गेला पाहिजे. यंत्र येऊन उभे आहे आणि भार मंजूर व्हायचा आहे, ही स्थिती फार महागात पडते.

जीएसटीचे 7.20 लाख खर्चात धरायचे नाहीत, कारण त्याचे इनपुट क्रेडिट मिळते, असे सगळेच म्हणतात. ते खरे आहे. पण पैसा आज बाहेर जातो आणि परत येतो तो हप्त्याहप्त्याने, पुढच्या बिलांवरच्या करातून वळता होऊन. पुरवठादाराने आपले विवरणपत्र भरले आणि ते बिल तुमच्या जीएसटीआर-2बी या विवरणात दिसले, तरच ते क्रेडिट घेता येते. शिवाय कराच्या त्याच रकमेवर आयकरात घसारा दाखवला तर क्रेडिट मिळत नाही. बँक कर्जात ही रक्कम धरते की नाही, हे पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे.

एप्रिलची ऑर्डर, नोव्हेंबरचा पहिला चेक

ऑर्डर 1 एप्रिलला दिली. बंगळूरहून किंवा राजकोटहून यंत्र जूनच्या मध्यावर आले आणि महिनाअखेरीला उभे राहिले. इथे पेढे वाटले जातात. पण पैशाच्या हिशेबात अजून काहीच घडलेले नसते.

पुढचे दोन महिने ट्रायलचे. प्रोग्रॅम बसवायचा, सायकल टाइम खाली आणायचा, रिजेक्शन आवरायचे. मोटार उद्योगात यंत्र, जागा किंवा पद्धत बदलली की ग्राहकाची मंजुरी नव्याने घ्यावी लागते. शॉप फ्लोअरवर तिला सगळे पीपॅप म्हणतात. नमुन्याचे पीस, मोजमापांचे तक्ते, प्रक्रिया स्थिर असल्याचे आकडे हे सगळे सादर करायचे आणि ग्राहकाच्या दर्जा विभागातल्या माणसाला सवड होण्याची वाट पाहायची. ती सवड आपल्या हातात नसते. आपल्या हातात असतो तो ऑपरेटरचा पगार, आणि तो जुलै-ऑगस्टमध्ये मिळून एक लाख रुपये जातोच.

सप्टेंबरमध्ये यंत्र 40 टक्के वेळ चालले, ऑक्टोबरमध्ये 55, नोव्हेंबरमध्ये 70 आणि डिसेंबरपासून कायमचे 75 टक्के, असे धरू. कायमचे 100 टक्के कुणाचेच चालत नाही. सेटिंग बदलते, टूल तुटते, माणूस गावी जातो, ग्राहकाचे शेड्यूल घटते. खर्च वजा जाता सप्टेंबरात 18 हजार, ऑक्टोबरात 43,500, नोव्हेंबरात 69 हजार आणि पुढे महिना 77,500 उरतात.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. तास 25 टक्क्यांनी कमी झाले, पण शिल्लक 1.20 लाखांवरून 77,500 वर आली, म्हणजे 35 टक्क्यांहून जास्त घटली. पगार तासांबरोबर कमी होत नाही, म्हणून असे होते.

आता एकूण वसूल करायचे ते 46 लाख आणि ट्रायलच्या महिन्यांचे 1 लाख, असे 47 लाख. पहिल्या तीन महिन्यांचे 1.30 लाख त्यातून वजा केले आणि उरलेल्याला 77,500 ने भागले की 59 महिने येतात. एप्रिल ते नोव्हेंबरचे आठ महिने धरून 67. ग्राहक 60 दिवसांनी पैसे देतो, म्हणून 69. पावणेतीन वर्षांची पावणेसहा वर्षे झाली आणि यात व्याजाचा एक पैसाही धरलेला नाही.

बिल झाले, पैसे नाही

सप्टेंबरच्या कामाचे बिल महिनाअखेरीला झाले. पैसे नोव्हेंबरअखेरीला आले: 80 हजार. तोपर्यंत घरचे किती गेले, ते मोजून पाहा. कर्ज 35 लाखांचे मिळाले असेल तर खरेदीतले आपले 11 लाख, जीएसटीचे 7.20 लाख, ट्रायलचा 1 लाख आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर चालवण्याचा खर्च सुमारे 2 लाख. पहिले 80 हजार दिसण्याआधी 21 लाखांच्या वर रक्कम बाहेर गेलेली आहे. जुन्या कामाच्या करात जीएसटीचे काही क्रेडिट तोवर वळते झाले असेल, तेवढे वजा करा. कर्जावरचे व्याज मात्र त्यात मिळवा. यंत्र नफ्यात असूनही शॉपचे सीसी (कॅश क्रेडिट) खाते काठोकाठ भरते ते इथेच, आणि मालकाला वाटते की खरेदीच चुकली.

कायदा लहान उद्योगाच्या बाजूने आहे. सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योग विकास कायदा, 2006 नुसार सूक्ष्म किंवा लघू पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत, आणि ती ठरलेली असली तरी 45 दिवसांच्या आत, पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या आयकरातल्या तरतुदीमुळे मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहकाला प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून दाखवता येत नाही. म्हणजे आपल्या उदाहरणातले 60 दिवस मुळात नियमात बसत नाहीत. पण ज्याच्याकडून पुढच्या महिन्याचे शेड्यूल हवे आहे, त्याच्यावर दावा कोण ठोकणार? म्हणून वेळापत्रकात कायद्यातले 45 दिवस लिहू नयेत. मागच्या वर्षी त्या ग्राहकाने प्रत्यक्षात सरासरी किती दिवस लावले, ते आपल्या वहीत असतेच. तोच आकडा घ्यावा. मोठा ग्राहक ट्रेड्स या बिलवटावाच्या व्यवस्थेवर असेल तर थोडे व्याज सोडून पैसे लवकर घेता येतात. ते सोडलेले व्याज आधी 500 रुपयांच्या दरातून वजा करून पाहावे.

हप्ता कुणाची वाट पाहत नाही

35 लाख, 10 टक्के व्याज, पाच वर्षे. हप्ता सुमारे 74,400 रुपये. पाच वर्षांत व्याजाचे 9.6 लाख होतात. यंत्राची महिन्याची शिल्लक आपण 77,500 काढली होती. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे झाले तरी पाच वर्षे मालकाच्या हातात महिना तीन हजार राहतात.

मोरेटोरियम, म्हणजे हप्ते सुरू होण्याआधीची सूट, बहुधा कर्ज उचलल्यापासून मोजला जातो, उत्पादन सुरू झाल्यापासून नव्हे. जूनच्या मध्यावर कर्ज उचलले आणि सहा महिन्यांची सूट मिळाली तर पहिला हप्ता जानेवारीच्या मध्यावर येतो. तोवर हातात सप्टेंबर आणि ऑक्टोबर या दोनच महिन्यांच्या बिलांचे पैसे आलेले असतात. इथे तीन महिन्यांची जास्तीची सूट मागणे हे व्याजात पाव टक्का कमी मागण्यापेक्षा किती तरी मोलाचे आहे. बँकेसमोर बसलेले बहुतेक जण मात्र पाव टक्क्यावरच अडून बसतात.

आणखी एक बाब थोडक्यात. पाच वर्षांनी येणारे 77,500 म्हणजे आजचे 77,500 नव्हेत. 12 टक्क्यांनी मागे मोजले तर ते आजचे सुमारे 44 हजार होतात. वसुलीचा काळ लांबतो तसे मागून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचे मोल उतरते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात यावर प्रकरणे आहेत. शॉपपुरते एवढे पुरे की दोन पर्याय समान दिसत असतील तर ज्याचे पैसे आधी येतात तो घ्यावा.

महिना चुकला तर वर्ष जाते

साखर कारखान्यात हे कुणाला शिकवावे लागत नाही. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये आटोपतो. नवा बॉयलर अग्निप्रदीपनापर्यंत तयार झाला नाही, तर नुकसान केवळ एका महिन्याचे होत नाही. ऊस शेजारच्या कारखान्याकडे जातो आणि बॉयलरवर गुंतवलेल्या पैशाला पुढच्या हंगामाची वाट पाहावी लागते. म्हणून तिथले वेळापत्रक मोळी टाकण्याच्या दिवसापासून उलटे मोजत मागे येते. इतर धंद्यांनी ही सवय उचलायला हरकत नाही.

ती न उचलल्याचे गाजलेले उदाहरण अमेरिकेतले आहे. हर्शी ही चॉकलेट बनवणारी कंपनी. तिने 1990 च्या दशकाच्या शेवटी सुमारे 11 कोटी 20 लाख डॉलर खर्चून ऑर्डर, साठा आणि वाहतूक सांभाळणारी नवी संगणक प्रणाली घेतली. चार वर्षांचे मानले गेलेले काम अडीच वर्षांत बसवायचे ठरले. प्रणाली एप्रिल 1999 मध्ये सुरू व्हायची होती, ती जुलैवर गेली. तीन महिने तसे फार वाटत नाहीत. पण जुलैनंतर लगेच हॅलोविनच्या ऑर्डरी सुरू होतात आणि अमेरिकेत चॉकलेट-गोळ्यांचा तो सर्वांत मोठ्या हंगामांपैकी एक. गोदामात माल होता, प्रणालीला तो नीट दिसत नव्हता. सुमारे 10 कोटी डॉलरच्या ऑर्डरी वेळेत गेल्या नाहीत आणि त्या तिमाहीचा नफा 19 टक्क्यांनी घटला. प्रणाली पुढे व्यवस्थित चालली. मंदीच्या महिन्यात सुरू झाली असती तर तिच्याबद्दल आज कुणी बोललेही नसते.

आपल्याकडे महिन्याचा आणखी एक हिशेब असतो: दसरा. आयकरात सर्वसाधारण यंत्रावर 15 टक्के घसारा मिळतो. पण आर्थिक वर्षात यंत्र 180 दिवसांपेक्षा कमी वापरले गेले असेल तर त्याचा निम्माच. साध्या वर्षात 3 ऑक्टोबर ही शेवटची तारीख पडते, तीही यंत्र प्रत्यक्ष वापरात आल्याची, बिलाची नव्हे. 2025 मध्ये दसरा 2 ऑक्टोबरला आला. त्या मुहूर्तावर यंत्र खरोखर चालवणाऱ्याला पूर्ण घसारा मिळाला. 2024 चा दसरा 12 ऑक्टोबरला होता. त्या मुहूर्ताने निम्मा घसारा पुढे ढकलला. आपल्या 46 लाखांवर हा फरक 3.45 लाखांचा आहे, आणि 30 टक्के कर भरणाऱ्या भागीदारी फर्मला त्या वर्षी एक लाखाच्या वर जास्त कर पडतो. तो घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांत मिळत राहतो. पण तंगी नेमकी पहिल्याच वर्षी असते. पूजा दसऱ्याला करावी, यंत्र सप्टेंबरात चालवावे.

सवय बसायला वेळ का लागतो

यंत्र आले म्हणून फायदा आला असे होत नाही, याचा जगातला सर्वांत मोठा पुरावा विजेच्या मोटारीचा आहे. एडिसनचे न्यूयॉर्कमधले पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र 1882 मध्ये सुरू झाले. अमेरिकन कारखान्यांच्या उत्पादकतेत विजेमुळे मोठी उडी दिसली ती 1920 च्या दशकात. आर्थिक इतिहासाचे अभ्यासक पॉल डेव्हिड यांनी 1990 मध्ये एका निबंधात याची कारणे मांडली. त्याआधी कारखान्यात एक मोठे वाफेचे इंजिन असे आणि छताखालच्या शाफ्टवरून पट्ट्यांनी सगळी यंत्रे फिरत. सुरुवातीला मालकांनी इंजिन काढून त्याच जागी एक मोठी मोटार बसवली. शाफ्ट तसाच, पट्टे तसेच, मांडणी तशीच. खरा फायदा आला तो प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटार लागली आणि कामाच्या ओघाप्रमाणे यंत्रे हलवता आली तेव्हा.

नवी व्हीएमसी घेऊन जुनीच फिक्स्चर आणि जुनेच पाळीचे वेळापत्रक ठेवणारे शॉप अगदी तेच करत असते.

बचत विकत घेतली असेल तर

काही खरेदी उत्पन्न आणत नाही, खर्च वाचवते. तिथे तारीख ठरवणे आणखी कठीण, कारण वाचलेला वेळ आपोआप पैसा होत नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरने कारकुनाचे रोज दोन तास वाचले. पगार तोच राहिला. त्या दोन तासांत तो थकलेल्या बिलांचे फोन करू लागला आणि पैसे 60 ऐवजी 50 दिवसांत येऊ लागले, तर ती बचत. नाहीतर कारकून सुखी झाला, तेही वाईट नाही. पण ते वसुलीच्या रकान्यात लिहू नये.

छतावरच्या सोलरमध्ये बचत खरी असते आणि वीजबिलावर दिसते. फक्त ती पॅनेल बसल्यापासून मोजायची नसते. महावितरणचे नेट मीटर लागून यंत्रणा जोडली गेली, त्या दिवसापासून मोजायची. आणि तो दिवस जूनमध्ये आला तर पहिले तीन-चार महिने पावसाळ्याचे मिळतात.

घासाघीस कुठे करावी

यंत्राच्या किमतीत एक लाख कमी करून घेण्यासाठी मालक चार बैठका घालवतो. आपल्या उदाहरणात एक लाख म्हणजे वसुलीचा एक महिना आणि आठ-नऊ दिवस. यंत्र 75 ऐवजी 85 टक्के वेळ चालले तर महिन्याची शिल्लक 94,500 होते आणि वसुली दहा महिन्यांहून जास्त अलीकडे येते. म्हणजे त्या चार बैठका यंत्रवाल्याबरोबर न घालवता ग्राहकाबरोबर घालवल्या, ऑर्डर देण्याआधीच पीपॅपची तारीख आणि महिन्याच्या पिसांची संख्या लेखी घेतली, तर जास्त हाती लागते.

यंत्रवाल्याकडून सवलतीपेक्षा अट मागावी. शेवटचे दहा टक्के यंत्र उभे राहिल्यावर द्यायचे नाहीत. ठरलेल्या सायकल टाइममध्ये ठरलेल्या संख्येचे चांगले पीस निघाल्यावर द्यायचे. या अटीने त्याचा इंजिनिअर ट्रायलच्या काळात फोन उचलतो. पुढे फोन उचलणे त्याच्या मर्जीवर.

वेळापत्रकाचा कागद साधाच असावा. महिने ओळीने लिहावेत आणि प्रत्येक टप्प्यासमोर तारखेबरोबर माणसाचे नाव लिहावे: वीजभार कोण पाहणार, फिक्स्चर कोण करून घेणार, पीपॅपचा पाठपुरावा कोणाकडे. नाव नसलेला टप्पा हमखास घसरतो.

थांबायचे कधी

दोन आकडे आधीच काढून ठेवावेत. पहिला 118 तास: महिन्याला एवढे चालले तर पगार निघतो. दुसरा 293 तास: एवढे चालले तर हप्ताही निघतो. याच्या मधल्या पट्ट्यात यंत्र असेल तर त्याचा हप्ता जुनी यंत्रे भरत आहेत, आणि ती किती महिने भरू शकतील हे शॉपच्या शिलकीवर ठरते. ही मर्यादा खरेदीच्या वेळीच लिहून ठेवावी, कारण नंतर ती दर महिन्याला पुढे ढकलावीशी वाटते.

तास भरत नाहीत म्हणून दर उतरवणे हा पहिला सुचणारा उपाय. 500 चा दर 400 वर आणला तर हप्ता निघायला 293 ऐवजी 383 तास लागतात, म्हणजे दोन पाळ्यांत जेमतेम सतरा तास रिकामे. त्यापेक्षा दुसरी पाळी तात्पुरती बंद करून पगाराचा भार उतरवणे किंवा बँकेकडे हप्त्याची मुदत वाढवून मागणे परवडते, आणि ते हप्ता थकण्याआधी मागितले तर बँक ऐकून घेते. यंत्र विकायचीच वेळ आली तर चालू, नियमित देखभाल झालेल्या व्हीएमसीला जुन्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. मात्र त्यासाठी आधी बँकेचे ना-हरकत पत्र लागते आणि घेतलेल्या जीएसटी क्रेडिटचा काही भाग परत भरावा लागू शकतो, तेव्हा विक्रीची किंमत ठरवण्याआधी हे दोन्ही आकडे सीएकडून काढून घ्यावेत.